कोहळ्याच्या करंज्या

आमच्या घरात नारळ फोडायचा तो उंबऱ्याबाहेर आणि खायचा तो शेजाऱ्यांनी. देवाला दाखवला, हात जोडले, की आई तो तसाच उचलून शेजारच्या काकीच्या पदरात घालायची. काकीच्या पोरांची आमच्या देवावर फार भक्ती. आमच्याकडे पूजा कधी आहे हे आमच्या आधी त्यांना माहीत असायचं.

याचं कारण माझी ताई. तिला नारळ सोसत नसे. ओला नाही, सुका नाही, रस नाही, वडी नाही. एरवी दगड पचवील अशी तब्येत, पण नारळाचा कण पोटात गेला की ओठ सुजायचे, अंगभर गांध्या उठायच्या आणि डोळे इतके बारीक व्हायचे की समोरचा माणूस कोण ते तिला आवाजावरून ओळखावं लागायचं.

आमचं गाव द्रोणागिरी डोंगराच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. आता तिथे एकावर एक रचलेले कंटेनर दिसतात आणि त्या सगळ्याला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा भातशेती होती, मिठागरं होती. बाबा मिठागरावर मुकादम होते. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते. पण ही गोष्ट माझ्या डिग्रीची नाही, ताईच्या लग्नाची आहे. आणि करंज्यांची.

ताईने पहिली खोबऱ्याची वडी खाल्ली तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. तोंड फुगून डिवचलेल्या केंड माशासारखं झालं. घरात रडारड. भगत आला. त्याने तांदूळ टाकून पाहिले आणि म्हणाला, "पोरीवर दर्याची नजर हाय. दर्याला नारल सोडा." बाबांनी सोडले. भगताने एक मागे ठेवला होता, त्याचा प्रसाद म्हणून तुकडा पोरीच्या तोंडात घातला. पोर पुन्हा फुगली. भगत खूश. "बगा, आतला बाहेर पडतोय." बाबांनी त्यालाच बाहेर काढला.

त्यानंतर आईने आपल्या डोक्याने शोध लावला आणि घरात नारळबंदी झाली. आमच्या मोरलीला, म्हणजे विळीला, पुढे जी दातेरी खवणी असते ती बाबांनी दगडावर ठोकून चपटी केली. कुणी पाहुणी प्रेमाने नारळ खवायला बसली तर काय, म्हणून.

कालवणाची अडचण नव्हती. आमच्या कालवणाला नारळ लागतच नाही; लसूण, चिंच आणि लाल मसाला असला की भात संपतो. अडचण गोडाची. करंजीत नारळ, पातोळीत नारळ, शेवयांवर नारळाचा रस. सणाच्या दिवशी सगळं गाव खातंय आणि ताई गूळ चाटत बसली आहे, हे आईला बघवेना.

आधी तिने तिळाचं सारण करून पाहिलं. बायका म्हणाल्या, संक्रांत लवकर आली वाटतं. मग लाल भोपळा. तो चवीला बरा लागला, पण करंजी मोडली की आतून पिवळी. काकीने ती उजेडात धरून विचारलं, "काय गो, करंजीला कावीळ झायली का?" आईने पुढच्या वर्षी छपरावर कोहळ्याचा वेल चढवला.

कोहळा पांढरा. किसून फडक्यात घट्ट पिळायचा, इतका की फडकं फाटेल असं वाटलं पाहिजे. मग सुपात पसरून वाऱ्यावर सुकवायचा, साखरेत शिजवायचा, दाताखाली काहीतरी यावं म्हणून त्यात भाजलेला तांदळाचा रवा आणि थोडे तीळ, वरून वेलची. दिसायला अगदी खोबरं. बघणाऱ्याला शंका येणार नाही. काकीने मात्र पिळताना पाहिलं आणि बोंब मारली. "बकऱ्याच्या बदल्यात देवीला कापतात तो कोहला? तो करंजीत?"

आई म्हणाली, "देवीला चालतो तर तुना कशाला नाय चालायचा?"

काकीने दोन खाल्ल्या आणि चार घरी नेल्या. तेव्हापासून आमच्याकडे सण म्हणजे कोहळा. पिळायचं काम बाबांचं, कारण मिठागरावरचे हात. किसायचं माझं. मी पुढे मुंबईला मामाकडे राहून कॉलेजात जायला लागले तरी पुनवेला मोरा बंदराच्या लाँचने यायचे ते किसायलाच. परत जाताना डबा भरून करंज्या. वर्गातल्या मुली खायच्या आणि म्हणायच्या, तुमच्याकडचं खोबरं किती हलकं असतं नाही. मी म्हणायचे, हो, खाडीचं पाणी.

तर ताईचं लग्न. एक जमता जमता मोडलं होतं. ताईच्या अंगावर गांध्या उठतात हे कुणीतरी कुणाला सांगितलं. त्या पाहुण्यांच्या घरी पोचेपर्यंत त्याचा महारोग झाला होता. ते लोक सुपारी फोडायला येणार होते, ते आलेच नाहीत. नंतर कित्येक महिने ताई चार बायकांत बसली की पदर मनगटापर्यंत ओढून घ्यायची, हात बघायला मिळू नयेत म्हणून. स्वच्छ हात होते तिचे.

मग दुसरं स्थळ आलं. मुलगा बघायला आला तो ताईकडे बघता बघता चहा स्वतःच्या मांडीवर ओतून बसला आणि भाजलं तरी ओरडला नाही. विहिरीवर मी ताईला विचारलं, काय गो, कसा वाटला? ती घागर घासत म्हणाली, "मना चालंल." घागर आधीच घासलेली होती. मी समजले.

सगळं चांगलं होतं, एवढंच की त्यांची डोंगरापल्याड, समुद्राच्या बाजूला नारळाची वाडी होती. नारळावरच घर चालायचं. आईने हे ऐकलं आणि मट्कन खाली बसली.

"सांगून टाकू," बाबा म्हणाले.

"मागल्या टायमाला कुनी सांगितला आन् काय झायला? लगीन होऊ दे. मंग सांगू."

"मंग म्हंजे कवा?" ताईने विचारलं. "माजा तोंड फुगल्यावर?"

आई कोहळा आणायला छपराकडे गेली.

आमच्यात रीत अशी की लग्न ठरलेल्या मुलीला नारळी पुनवेला सासरचा नारळ येतो. सासू स्वतः घेऊन येते आणि मुलीची आई करंजीने तिचं तोंड गोड करते. त्याप्रमाणे मुलाची आई आली. बाई भक्कम. नाकात नथ, आवाज असा की वाडीच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाचा नारळ पडावा. ताईच्या ओटीत नारळ घातला. ओटीत घ्यायला हरकत नव्हती, हरकत पोटात घ्यायला. मग आईने ताट पुढे केलं. बाईंनी करंजी मोडली, तोंडात टाकली आणि चावता चावता थांबल्या.

"ईनबाय, यो नारल कंच्या वाडीचा?"

"बाजारचा," आई म्हणाली.

बाईंनी आणखी एक तुकडा घेतला. डोळे मिटून चावला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"मी जल्म नारलात काडला. यो नारल नाय." त्यांनी डोळे उघडले. "यो कोहला हाय!"

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिने पदर मनगटावर ओढला. आता एक तर खरं सांगायचं आणि लग्न घालवायचं, नाहीतर दुसरं काहीतरी. आईने श्वास घेतला आणि दुसरं काहीतरी सांगितलं.

"व्हय. कोहलाच हाय. नारल परवडत नाय."

बाईंनी वर पाहिलं. छपरावर नवी कौलं. बाहेर पाहिलं. दावणीला बैलजोडी. "कौलारू घर, दारात बैल, आन् नारल परवडत नाय?"

"तसा परवडतो," आई म्हणाली, आणि पडवीकडे बोट केलं, जिथे बाबा बसले होते. "पन यांच्या जिवावर येतो."

पडवीतून खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

बाई पाणी प्यायला म्हणून आत गेल्या आणि जवळजवळ धावतच बाहेर आल्या. "मोरलीला खवनीच नाय! ठोकून बंद केलेय! अशी मानसं मी जल्मात पायली नाय." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हीच ना ती कालेजात जानारी? आता समाजला. हिचे फीपायी मोठीच्या तोंडातला नारल काडला!"

मला फी माफ होती. मार्कांवर माफ झाली होती. हे मी गावाच्या वेशीवर उभी राहून सांगायला तयार होते, पण तोंड उघडलं तेवढ्यात आईने माझ्या पायावर पाय दिला आणि तो पाहुणी जाईपर्यंत काढला नाही.

बाई गेल्यावर बाबा आत आले. "मी चिकट? माजे जिवावर येतो?"

"पोरीचा लगीन मोठा का तुमचा नाव मोठा?"

बाबांनी ताईकडे पाहिलं आणि परत पडवीत जाऊन बसले. पण नाव गेलं ते गेलंच. डोंगरापल्याडची बातमी मिठागरावर पोचायला वेळ लागत नाही. बाबांच्या हाताखालची माणसं त्यांच्याकडे बिडी मागायची आणि बाबांनी खिशात हात घातला की म्हणायची, "नको मुकादम, ऱ्हाऊ द्या. जिवावर येल." ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला दारातून उपाशी जाऊ दिलं नाही, तो हे खाली मान घालून ऐकून घ्यायचा. एकदा मला म्हणाले, "तुजे आयेला भांडन जिंकायचा असला का ती माजे बाजूने हरते." मला ते तेव्हा कळलं नव्हतं. आताही पूर्ण कळलंय असं नाही.

आठवडा झाला असेल. दारात बैलगाडी येऊन थांबली. गाडीत नारळ, नारळांवर विहीणबाई. "माजी सून नारलाविना सुकली गो!" असं म्हणत त्या उतरल्या आणि गाडी आमच्या अंगणात रिकामी करायला लावली. अंगणात बसायला जागा उरली नाही. काकीची पोरं कुंपणावर चढून देवाचे आभार मानत होती.

ढीग रचून झाल्यावर बाईंनी ताईला हाताला धरून शेजारी बसवलं आणि पदराआडून डबा काढला. ओल्या नारळाच्या वड्या. एक वडी ताईच्या तोंडाशी नेली.

"खा माजी बाय. तुजे बापासला सांगत नाय मी." बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"आज माजा उपास हाय," ताई म्हणाली.

"उपासाला नारल चालतो."

"मना भूक नाय."

"यो भुकंसाठी नाय, जिभंसाठी हाय. खा. लाजू नको. खायला मागायची बी भीती वाटत असंल या घरात."

ताईने आईकडे पाहिलं. आईने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा आईला थाप सुचली नाही. ताई मला नंतर म्हणाली की तिने मनात हिशेब केला होता: नाही म्हटलं तर आत्ताच मोडेल; खाल्लं तर सुजायला थोडा वेळ लागेल, तोवर गाडी वेशीपार गेली असेल. तिने तोंड उघडलं. वडी आत गेली. बाई इतक्या मायेने तिच्या गळ्याकडे बघत होत्या की गिळण्याशिवाय इलाज नव्हता.

पण बाई कसल्या जातात! त्या पाय पसरून चांगल्या बसल्या आणि माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगू लागल्या. गोष्टीत रहाट यायच्या आतच ताईचा वरचा ओठ वर आला. मग खालचा. मग कान.

"आगो बाय!" बाई उठून उभ्या राहिल्या. "माजे वडीत काय पडला?" त्यांनी स्वतः एक वडी खाल्ली. थांबल्या. दुसरी खाल्ली. तिसरी पण खाल्ली, खात्री करायला. "मना तर काय नाय झायला!"

आई आमसुलाचं पाणी घेऊन धावली आणि ताईच्या हातापायांना चोळायला लागली. आणि बाबा, जे इतके दिवस गप्प होते, ते नारळांच्या ढिगातून वाट काढत पुढे आले.

"तिला नारल सोसत नाय. ल्हानपनापासून. म्हनून घरात नारल नाय, म्हनून खवनी ठोकली. मी चिकट नाय." हे शेवटचं त्यांनी जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. कुंपणापलीकडच्यांनाही कळावं म्हणून.

मला वाटलं, शिकलेल्या माणसाने अशा वेळी पुढे यायला पाहिजे. मामाच्या डॉक्टरांकडून एक शब्द मी मिळवून ठेवला होता आणि तो वापरायची संधी मला मिळत नव्हती.

"याला ॲलर्जी म्हणतात," मी म्हणाले.

आईने हातातलं आमसूल माझ्या अंगावर टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. बाईंचा चेहरा उतरला. "इंग्रजी रोग हाय?"

"रोग नाही. एखाद्याला एखादी वस्तू सोसत नाही, एवढंच."

"दुसऱ्यांना लागतो का?"

"नाही."

"पोराबालांना व्हतो?"

आता इथे खोटं बोलता आलं असतं. आईची नजर तेच सांगत होती. पण बाबांनी नुकतंच एवढं खरं सांगितलं होतं. "कधी कधी होतो," मी म्हणाले.

ताईचे डोळे तोवर चिरेएवढे झाले होते. त्या चिरांतून ती बाईंकडे बघत होती आणि या वेळी तिने पदर ओढला नव्हता. दोन्ही हात गांध्यांसकट समोर मांडीवर होते.

बाई नारळाच्या ढिगावर बसल्या. "म्हंजे तुमी कंजूस नाय?"

"नाय," बाबा म्हणाले.

"मी तर आख्ख्या गावात सांगून आयले."

"म्हाईत हाय. आमचे गावात पन पोचला."

बाईंनी एक नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, खाली ठेवला. त्या हिशेब करत होत्या हे दिसत होतं. कसला ते दिसत नव्हतं. मग त्या ताईकडे वळल्या.

"मासली खातेस?"

"खाते," ताई म्हणाली. सुजलेल्या ओठांतून ते नीट आलं नाही, म्हणून तिने मानही हलवली.

"बोंबील?"

"खाते."

"निवट्या?"

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले उड्या मारणारे मासे. पकडायला अवघड. "मीच पकरते," ताई म्हणाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "मंग येवढा काय झायला? मना वाटला मासली खात नाय का काय. नांदंल!" आणि आईकडे बघून, "ईनबाय, तुमी आदी सांगितला असता तर माजी गाडी वाचली असती."

आई रडायला लागली. बाबा पडवीत जाऊन बसले आणि कुणी न मागता गाडीवानाला बिडी दिली. संध्याकाळपर्यंत ताईची सूज उतरली. निम्मे नारळ गाडीतून परत गेले, निम्मे काकीकडे.

लग्न त्यांच्या दारात झालं. विहीणबाई आचाऱ्यांच्या चुलीपाशी ठाण मांडून बसल्या होत्या. वाडीवाल्यांच्या घरचं लग्न आणि जेवणात खोबऱ्याचा कण नाही, यावरून पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, तशा त्या उठल्या आणि पंगतीत फिरून सांगू लागल्या, "आमचे सुनंला अलर्जी हाय." कुणी विचारलं ती काय असते, तर म्हणायच्या, "मोठी गोष्ट हाय. इंग्रजी. सगल्यांना नाय व्हत." माझ्या शिक्षणाचा गावाला झालेला हा पहिला उपयोग. बाबा चिकट नाहीत हेही त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, पण लोकांना आधीचंच जास्त आवडलं होतं.

पुढच्या नारळी पुनवेला मी ताईकडे गेले. दर्याला नारळ वाहायला निघालेली माणसं अंगणात खोळंबली होती आणि विहीणबाई कढईसमोर घामाघूम. कोहळ्याच्या करंज्या त्या स्वतःच करणार, कुणी हात लावायचा नाही. सुनेसाठीची कढई नवी, झारा नवा, आणि तिचा घाणा उतरल्याशिवाय घरात नारळ फोडायचा नाही, असा त्यांनी कायदा केला होता. तो कायदा त्या घरात अजून पाळतात. ताईच्या धाकट्या लेकीलाही नारळ सोसला नाही, तेव्हा कुणाला काही नवीन करावं लागलं नाही.

"आये, भरती आयली," ताईच्या दिरांनी बाहेरून हाक मारली.

"दर्या कंय पलून जात नाय," त्या म्हणाल्या. "माजे सुनंचा घाना उतरू दे."

पण कोहळा पिळायचा कसा हे त्यांनी आईला विचारलं नव्हतं. मान कमी झाला असता. करंज्या तेलात फुटत होत्या, कढई तडतड उडत होती, बाई एक पाऊल मागे सरून झाऱ्याने वार करत होत्या. त्यातल्या ज्या धड निघाल्या त्या ताईच्या ताटात वाढल्या आणि समोर बसल्या. ताईने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग म्हणाली, "आये, अजून एक द्या ना."

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते घेऊन त्या दर्याला नारळ वाहायला गेल्या.

माणसं गेल्यावर मी ताईला विचारलं, "खरंच चांगल्या होत्या?"

"कसल्या चांगल्या! आतून कच्च्या. कोहल्याचा पानी कोपरापर्यंत गेला."

"मग तिसरी कशाला मागितलीस?"

ताईने पदराला हात पुसले. "उद्या कुनी बोलला, ही कसली वाडीवाल्यांची सून, नारल खात नाय, तर माजे बाजूने भांडायला कोन पायजे? तू तर जाशील मुंबईला."

आणि उरलेली करंजी तिने मला दिली. मी ती खाल्ली. खरोखरच वाईट होती.